केविन कीगनचे राजीनामे

७ ऑक्टोबर २०००. लंडनमध्ये पाऊस. जुनं वेम्बली स्टेडियम पाडायचं ठरलेलं होतं आणि त्या मैदानावरची ही शेवटची मॅच. समोर जर्मनी, विश्वचषकाची पात्रता फेरी. चौदाव्या मिनिटाला दीटमार हामानने लांबून फ्री किक मारली. ओल्या गवतावर टप्पा घेत चेंडू गोलकीपर सीमनला चकवून आत गेला. इंग्लंड हरलं, एक-शून्य. भिजलेल्या प्रेक्षकांनी बोगद्याकडे निघालेल्या मॅनेजरची यथेच्छ हुर्यो उडवली. तो ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि म्हणाला, मी पद सोडतो. फुटबॉल असोसिएशनचे डेव्हिड डेव्हिस त्याची समजूत घालायला धावले. पण खेळाडू, कपडे, बुटांच्या त्या गर्दीत दोन माणसांना खासगी बोलायला जागाच नव्हती. शेवटी दोघं संडासात शिरले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर पदावरून गेला तो तिथे, कडी लावून.

केविन कीगनने बाहेर येऊन जे सांगितलं त्यात सबब नव्हती. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, या पातळीवर जे लागतं त्यात मी थोडा कमी पडतो, असं तो म्हणाला. रेफरी, पाऊस, पत्रकार, दुखापती, कशालाच हात लावला नाही. आणि तेवढ्यावरून त्याच्या कपाळी 'पळपुटा' हा शिक्का बसला तो बसलाच. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या नावामागे जसा हा शब्द कायमचा चिकटला, तसाच इंग्लंडमध्ये कीगनच्या मागे. भावनाप्रधान माणूस, जरा काही झालं की निघून जातो, डावपेचांची अक्कल नाही, असं त्याच्याबद्दल अजूनही सहज बोललं जातं.

मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. कीगनचे सगळेच राजीनामे बरोबर होते असं मी म्हणत नाही; एकदोन ठिकाणी तो माझ्या मते चुकला, ते पुढे येईलच. पण स्वतःहून जाणाऱ्याला कच्चा म्हणायचं आणि हाकलून देईपर्यंत बसून राहणाऱ्याला खमका म्हणायचं, ही मोजपट्टीच वाकडी आहे. फुटबॉलमध्ये तर फारच.

कारण इथला हिशेब साधा आहे. मॅनेजरचा करार तीन-चार वर्षांचा असतो. क्लबने काढलं तर उरलेल्या कराराचे पैसे, निदान त्यातला मोठा भाग, द्यावा लागतो. मॅनेजरने स्वतः राजीनामा दिला तर सहसा काही मिळत नाही. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं डिसेंबरात कळलेला माणूस मार्चपर्यंत गप्प बसला, संघ आणखी चार पायऱ्या खाली घसरू दिला, तर त्याच्या घरात बक्कळ पैसा येतो. डिसेंबरातच खरं बोलला तर हात हलवत घरी. इंग्लिश फुटबॉलमध्ये दर मोसमात डझनाने मॅनेजर काढले जातात, राजीनामे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, यात नवल ते काय? राजीनामे खिशात घेऊन वर्षानुवर्षं फिरणारे मंत्री पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

थांबायचं कधी, हे कीगनला मॅनेजर व्हायच्या आधीपासून कळत होतं. खाणकामगाराचा मुलगा, जन्म १९५१ चा, डॉनकास्टरजवळच्या आर्मथॉर्पचा. अंगाने लहानखुरा. पितळी सामानाच्या कारखान्यात काम केलं, स्कनथॉर्पसारख्या छोट्या क्लबकडून खेळला, १९७१ मध्ये लिव्हरपूलने उचलला. तिथे तीन लीग विजेतेपदं, १९७७ चा युरोपियन कप. मग जर्मनीत हॅम्बुर्ग, आणि १९७८ व १९७९ असा लागोपाठ दोन वर्षं बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. दोनदा तो पुरस्कार मिळवणारा दुसरा इंग्रज खेळाडू अजून झालेला नाही. हे सगळं जमलं ते उपजत प्रतिभेपेक्षा राबण्यामुळे, असं त्याच्या काळातले लोक सांगत, आणि तोही ते नाकारत नसे.

१९८४ च्या जानेवारीत एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत तो न्यूकॅसलकडून लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर खेळायला गेला. एका क्षणी चेंडू घेऊन गोलकडे सुटला होता. मागून लिव्हरपूलचा मार्क लॉरेन्सन आला, त्याने अंतर भरून काढलं आणि चेंडू हिसकावून घेतला. बस्स. पूर्वी आपल्याला असं कुणी गाठू शकलं नसतं, हे त्याला त्या धावेत कळलं. तेहतिसाव्या वाढदिवशी, १४ फेब्रुवारीला, त्याने मोसमाअखेरीस निवृत्त होणार असं जाहीर केलं. न्यूकॅसलला पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागात चढवलं, निरोपाची मॅच खेळला आणि खेळाच्या कपड्यांतच मैदानावर उतरलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसून निघून गेला. हेलिकॉप्टर जरा अतीच, पण निर्णय चोख.

पुढची सात-आठ वर्षं त्याने स्पेनमध्ये गोल्फ खेळण्यात घालवली. कोचिंगचा अनुभव शून्य. फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यूकॅसलने त्याला बोलावलं तेव्हा क्लब दुसऱ्या विभागाच्या तळाशी होता, इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्यात घसरण्याची भीती होती आणि डोक्यावर कर्ज होतं. नाव मोठं म्हणून बिनअनुभवी माणसाला जबाबदारी देण्याचं हे ठळक उदाहरण, आणि एरवी मी या प्रकाराच्या विरोधात आहे. नंतर याच क्लबने २००९ मध्ये शेवटच्या आठ मॅचसाठी आपल्या माजी खेळाडूला, ॲलन शिअररला आणलं, संघ घसरायचा तो घसरलाच. लॅम्पार्ड, जेरार्ड, रूनी यांनाही खेळाडू म्हणून कमावलेल्या नावाने दारं भराभर उघडून मिळाली. चाहत्यांना हुरूप येतो, तिकिटं खपतात, आणि अठरा महिन्यांनी तोच माणूस मागच्या दाराने बाहेर.

मग कीगनचं का जमलं? माझ्या समजुतीप्रमाणे, त्याने पहिल्या दिवशी संघाची रचना पाहिली नाही, न्हाणीघर पाहिलं. सरावाची जागा कमालीची घाणेरडी होती. त्याने ती घासूनपुसून, जंतुनाशक मारून, रंगवून घेतली. ज्या खेळाडूला क्लब घाणीत अंघोळ करायला लावतो त्याच्याकडून शनिवारी अभिमानाची अपेक्षा कशी करायची, असा त्यामागचा हिशेब. मोठ्या नावाचा उपयोग कुठे होतो तर इथे. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर संचालकांनी पुढच्या वर्षी पाहू म्हटलं असतं.

पण महिना-सव्वा महिन्यातच, मार्चमध्ये, तो पहिल्यांदा निघून गेला. खेळाडू घ्यायला कबूल केलेले पैसे मिळत नाहीत म्हणून संघ जिंकलेला असताना गाडी काढली आणि घर गाठलं. क्लबमागचे उद्योगपती जॉन हॉल यांनी फोन करून, पैशांचा शब्द देऊन परत आणला. संघ कसाबसा वाचला. पुढच्या मोसमात लीगच्या पहिल्या अकराही मॅच जिंकला आणि विभाग जिंकून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे नव्या सर्वोच्च विभागात गेला. या रुसव्याबद्दल मी त्याला पूर्ण माफ करत नाही. मागणी रास्त होती, पण खेळाडूंना मध्येच वाऱ्यावर सोडून मागण्याची ती रीत नव्हे. शिवाय यातून एक सवय लागली. राजीनामा एकदा कामाला आला की माणूस तो पुन्हा पुन्हा काढून दाखवतो, आणि दर खेपेला त्याचं वजन थोडं कमी होतं.

राजीनाम्यांच्या या यादीत एक प्रसंग असा आहे जिथे तो गेला नाही, आणि माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्षण तोच. जानेवारी १९९५. आदल्या मोसमात ४१ गोल करणारा अँडी कोल, गावाचा लाडका, कीगनने विकला. आणि विकला कुणाला, तर मँचेस्टर युनायटेडला. साठ लाख पौंड आणि वर कीथ गिलेस्पी हा तरुण खेळाडू, असा सौदा. बातमी फुटताच चिडलेले चाहते क्लबच्या मैदानाशी, सेंट जेम्सेस पार्कपाशी जमले. कुठल्याही क्लबने अशा वेळी काय केलं असतं? पत्रक काढलं असतं, मागच्या फाटकातून गाडी काढली असती. कीगन बाहेर पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. समोर पोरं, बाप्ये, कुणी ओरडतंय, कुणी रडकुंडीला आलेलं. त्याने एकेकाला उत्तर दिलं. निर्णय माझा आहे, संघ सुधारण्यासाठी घेतलाय, फसला तर माझं काय होणार ते मला ठाऊक आहे, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. कॅमेरे चालू होते, ते चित्रण आजही पाहायला मिळतं. मी पाहतो तेव्हा शब्दांपेक्षा त्याच्या उभं राहण्याकडे जास्त लक्ष जातं. मागे दोन पायऱ्या चढून सुरक्षित उंचीवर जाणं सोपं होतं, पण तो लोकांच्या हाताच्या अंतरावर राहिला. उन्हाळ्यात कोलच्या जागी लेस फर्डिनंड आला आणि पुढच्या मोसमात लीगमध्ये त्याने २५ गोल केले.

तो पुढचा मोसम, म्हणजे १९९५-९६, कीगनवरच्या दुसऱ्या आरोपाचा, डावपेचांची अक्कल नाही याचा, पुरावा म्हणून दाखवतात. जानेवारीत न्यूकॅसल बारा गुणांनी पुढे होतं आणि अखेरीस चार गुणांनी मागे राहिलं. ३ एप्रिलला ॲनफिल्डवर ४-३ अशी हार, शेवटच्या क्षणी लिव्हरपूलच्या कॉलिमोरचा गोल, आणि जाहिरातीच्या फळ्यांवर मान टाकून पडलेला कीगन. नुसतं आक्रमण, बचावाचा पत्ता नाही, म्हणून लीग घालवली असं म्हणतात. मी एकदा तक्ता काढून पाहिला. विजेत्या युनायटेडने ३८ मॅचमध्ये ३५ गोल खाल्ले होते, न्यूकॅसलने ३७. दोनच जास्त! गोल मात्र युनायटेडने ७३ केले आणि न्यूकॅसलने ६६. म्हणजे कमी पडलं ते आक्रमणच. ज्या संघाबद्दल तीस वर्षं 'बचाव ढिला' असं बोललं जातं, त्याचा बचाव विजेत्याच्या तोडीचा होता. ४-३ ची ती मॅच इतकी देखणी झाली की लोकांनी सगळा मोसम तिच्यातूनच पाहिला.

तीच गत त्या मुलाखतीची. २९ एप्रिल, लीड्सला त्यांच्या मैदानावर हरवून कीगन टीव्हीसमोर उभा आहे. डोक्यावर भलेमोठे हेडफोन, आवाज चढलेला, बोट कॅमेऱ्यावर रोखलेलं. युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी सुचवलं होतं की लीड्स आमच्याविरुद्ध जीव तोडून खेळलं, आता न्यूकॅसलविरुद्धही तसंच खेळतं का पाहू. याचा अर्थ समोरचे खेळाडू प्रामाणिक नाहीत असा होतो, आणि कीगनला ते लागलं. आम्ही त्यांना, म्हणजे युनायटेडला हरवलं तर मला कोण आनंद होईल, असं त्याने दोनदा म्हटलं. फर्ग्युसननी त्याला मनाच्या खेळात हरवलं, अशी त्यावर दंतकथा उभी राहिली. पण तारीख पाहा. युनायटेड तोवर पुढे निघून गेलं होतं, आणि न्यूकॅसल त्या रात्री जिंकलं होतं! माणूस चिडला म्हणून हरला नाही. आधीच हातातून निसटत चाललेलं होतं म्हणून चिडला. पण चिडलेला चेहरा लक्षात राहतो, मार्चमध्ये युनायटेडचा गोलकीपर श्मायकल याने अडवलेले फटके राहत नाहीत.

प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. आजवर एकाही इंग्रज मॅनेजरला ती जिंकता आलेली नाही. चार गुणांनी हुकलेला कीगन सगळ्यात जवळ गेला असं मी धरतो.

८ जानेवारी १९९७ ला तो न्यूकॅसल सोडून गेला. दीड आठवड्यापूर्वी संघाने टॉटनहॅमला ७-१ ने लोळवलं होतं. क्लब शेअर बाजारात उतरवायचा घाट घातलेला होता, गुंतवणूकदारांना दाखवायला मॅनेजर पक्का हवा होता. कीगन मोसमाअखेरीस जायला तयार होता, पण भागविक्रीच्या तोंडावर तसला मॅनेजर संचालकांना परवडणार नव्हता. तेव्हा लांबचा करार कर, नाहीतर आत्ताच जा. तो गेला. इथे दोष कुणाचा हे मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्याने राजीनाम्याची भाषा आधीही केली होती, त्यामुळे संचालकांचा विश्वास उडाला असेल तर ते समजू शकतं. पण माहितीपत्रकातली एक ओळ नीट दिसावी म्हणून लीगमध्ये चौथ्या क्रमांकावर असलेल्या संघाचा मॅनेजर जानेवारीत बदलणं, याला कारभार म्हणायचा का?

मधल्या वर्षांत फुलहॅमला त्याने १०१ गुण मिळवून वर चढवलं, इंग्लंडच्या नोकरीनंतर मँचेस्टर सिटीला ९९ गुण आणि १०८ गोल करत प्रीमियर लीगमध्ये आणलं. खालच्या विभागातून संघ वर काढण्यात तो उस्ताद होता.

इंग्लंड मात्र त्याने घ्यायलाच नको होतं. १९९९ मध्ये आधीचे मॅनेजर ग्लेन हॉडल यांचं पद गेल्यावर असोसिएशनला लोकांना आवडणारा चेहरा हवा होता, आणि कीगनला नाही म्हणता आलं नाही. क्लबच्या मॅनेजरला रोज खेळाडू भेटतात, अंगावर हात ठेवता येतो, पैसे खर्चून उणीव भरता येते. राष्ट्रीय संघात महिन्या-दोन महिन्यांनी चार दिवस मिळतात. त्याचं भांडवल होतं रोजचा सहवास, तेच तिथे चालेना. युरो २००० मध्ये पोर्तुगालविरुद्ध दोन गोलची आघाडी घेऊन ३-२ ने हार, रुमानियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टी देऊन पुन्हा ३-२. वेम्बलीवर जर्मनीविरुद्ध तर त्याने गॅरेथ साउथगेट या मध्य-बचावपटूला मधल्या फळीत उभं केलं. १८ मॅच, सात विजय, सात बरोबरी, चार हार. रागावून दगड मारावेत इतके हे आकडे वाईट नाहीत, पण जमत नाहीये हे दिसत होतं, आणि त्यालाही दिसलं.

चार दिवसांवर फिनलंडविरुद्धची मॅच होती, निदान तेवढी तरी करून जायचं, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यापलीकडचे नाहीत. खुर्चीला चिकटून तो आणखी आठ-दहा महिने काढू शकला असता, पात्रता धोक्यात आल्यावर असोसिएशनने काढलं असतं आणि पैसेही दिले असते. त्याच्या जागी स्वेन-योरान एरिक्सन आले आणि इंग्लंड विश्वचषकाला पात्र ठरलं. त्या दिवशी मधल्या फळीत चाचपडणारा साउथगेट पुढे स्वतः इंग्लंडचा मॅनेजर झाला, आठ वर्षं राहिला, आणि २०२४ च्या युरो फायनलमध्ये हरल्यावर दोनच दिवसांत पायउतार झाला. त्याला कुणी पळपुटा म्हटलं नाही. काळ बदलला म्हणायचं, की साउथगेटचा आवाज चढत नाही म्हणून?

शेवटचा राजीनामा सप्टेंबर २००८ चा. त्याच वर्षी जानेवारीत कीगन न्यूकॅसलला परतला होता. मालक आता माइक ॲशली. खेळाडू घेण्याच्या कामावर डेनिस वाइज या माजी खेळाडूला वेगळं नेमलेलं. बाहेर सगळ्यांना सांगितलं जात होतं की अंतिम शब्द मॅनेजरचा. ऑगस्टच्या अखेरीस इग्नासियो गोन्झालेस नावाचा उरुग्वेचा खेळाडू उसना घ्यायचं ठरलं. कीगनने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. वाइज म्हणे, इंटरनेटवर शोध. काही सापडेना, तर यूट्यूबवर बघ! त्याने पाहिलं. धूसर, तुटक चित्रफिती. अशा चित्रफितींवरून कुठलाही खेळाडू निवडता येत नाही, मला हा नको, असं त्याने स्पष्ट सांगितलं. तरी करार झाला, कारण दोन दक्षिण अमेरिकी एजंटांवर उपकार करायचे होते. ४ सप्टेंबरला कीगन गेला.

पुन्हा तोच गलका, पाहा, परत पळाला. पण या वेळी तो लवादाकडे गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जिंकला. त्याला जायला भाग पाडलं गेलं असं ठरलं, २० लाख पौंडांची भरपाई मिळाली. निकालातली खरी मौज वेगळीच आहे. अंतिम शब्द कीगनचा अशी जी विधानं क्लबने वेळोवेळी केली होती, ती निव्वळ लोकांना बरं वाटावं म्हणून केली होती, खरी नव्हती, असं क्लबने स्वतःच तिथे सांगितलं. चाहत्यांना, वर्तमानपत्रांना, सगळ्यांना आम्ही जे सांगत होतो ते खोटं होतं, हा क्लबचा बचाव! पायऱ्यांवर उभं राहून 'निर्णय माझा' म्हणणारा माणूस त्या व्यवस्थेत काय म्हणून राहणार होता? निर्णय त्याचा नव्हता, पण निर्णयाचं तोंड त्याचं हवं होतं. हे नाकारणं म्हणजे पळणं असेल, तर थांबणं कशाला म्हणायचं तेही एकदा कुणीतरी सांगावं.

त्यानंतर कीगनने कुठल्याही संघाचं काम पाहिलं नाही. तीन-तीन, चार-चार क्लबांनी काढलेली माणसं दरम्यान पुन्हा पुन्हा नेमली गेली, भरपाई घेऊन गेली, परत आली. मे २००९ मध्ये न्यूकॅसल खालच्या विभागात घसरलं. गोन्झालेस त्या मोसमात दोनदा मैदानात उतरला, दोन्ही वेळा बदली खेळाडू म्हणून.